चिखल्याची मशीन

करडी, २० मे

विहीणबाई देवांगनाबाई,

तुमचा विसराळूपणा लय वाढला म्हणून ऐकते. फोन कायले घेतला ते विसरल्या, तो वाजला का उचलायचा असते तेही विसरल्या, अन् करडीत आपली कोणी विहीण आहे हे तं पारच विसरल्या असाल. म्हणून आठवण देते. मी शकुनबाई, तुमच्या शालूची सासू. लग्नात मानाच्या लुगड्याचा काठ बारीक निघाला म्हणून तुम्ही जिच्याशी तीन दिवस बोलल्या नव्हत्या, ती मी. आता आठवली असेन.

फोन उचलला नाही तरी चिठ्ठी दाराखालून आत येतेच. चौथी शिकल्याचं तुम्ही गावभर सांगता, तं वाचा. मले अक्षर येत नाही. मी बोलते अन् तुमचा जावई लिहिते. गुड्डी इथं असती तं नातीकडूनच लिहून घेतलं असतं. पण ती तिच्या मायसंगं तुमच्याकडे, मग घरात लिहिणारा राहिला कोण? मनिष. त्याले म्हटलं, मी बोलीन तसंच लिहायचं, तुझ्याबद्दल बोलली तरी. "हाव" म्हणाला. त्याचा अर्धा जन्म हाव म्हणण्यातच गेला.

शालूले जाऊन आज बारा दिवस झाले. मी गावात सांगते का उन्हाळा आहे, माहेरी पाहुणपणाले गेली. बाया समोर "हाव जी, हाव जी" करतात अन् बोरिंगवर जाऊन हसतात. हसू द्या. त्यांच्या सुना काय कमी पळाल्या?

मनिषचं म्हणणं असं का शालू त्याच्यावर रागावून गेली. तिचे हात फाटले होते, साबण-सोड्यानं बोटांच्या पेरांतून रक्त येत होतं. तिनं धुण्याची मशीन मागितली. हा म्हणाला, धान निघाल्यावर पाहू. अन् दुसऱ्याच दिवशी ती पोरीले घेऊन बसमध्ये बसली. असं तो म्हणते. मी काही बोलत नाही.

आता यानं उपाय काय केला तो ऐका, पण आधी बसून घ्या. तुमसरले कामानं गेला अन् भंगारवाल्याच्या ढिगातून एक मशीन उचलून आणली. ट्रॉलीतून उतरवली तवा मले वाटलं, रसवंतीचा चरखाच आणला यानं. कपबशीवाणी पांढरी चमक दिलेलं लोखंडी पिंप, वर दोन रबरी रूळ, कपडा म्हणे त्यांच्यातून पिळून निघते. खाली चार पाय अन् तीन चाकं. चौथं चाक भंगारवाल्यानं आठवण म्हणून ठेवून घेतलं असेल. चिखल्याच्या खाणीवर मोठ्या साहेबाचा बंगला होता, तिथलं सामान निघालं त्यातली ही. तुमचे मालक वारल्यावर तुम्ही त्याच बंगल्यावर धुणं करत होत्या ना? मग तुमच्या ओळखीची निघेल. नमस्कार सांगू का तिले तुमचा?

बटण दाबलं का ती हूंऽऽ करते अन् हलत नाही. अगदी तुमच्या जावयासारखी.

तिले पाहायले शेजारचा तुलाराम आला. तुलाराम म्हणजे आमच्या गावच्या मोटरपंपांचा डॉक्टर. त्यानं ज्या पंपाले हात लावला, त्याच्या मालकानं पुढच्या हंगामात नवीन पंप घेतला. मशीनीभोवती तीन चकरा मारल्या अन् म्हणते, "काकू, हिचं वायंडिंग गेलं." मी म्हटलं, "तुलाराम, तुहं कधी आलं होतं?" तं चहा न पिताच गेला. तेवढी साखर वाचली.

शालूले सांगा, तिची तुळस जिवंत आहे. मी पाणी घालत नाही, मनिष घालते.

शकुनबाई


करडी, ५ जून

विहीणबाई,

कार्ड मिळालं. चौथी शिकलेल्या बाईनं तीन ओळी लिहिल्या. पाचवी शिकल्या असत्या तं चार लिहिल्या असत्या.

पहिल्या ओळीत शालू ठीक, दुसरीत गुड्डी ठीक. अन् तिसरी ओळ मनिषनं दोनदा वाचून दाखवली: "मशीनीच्या बुडाशी डाव्या अंगाले बाभळीची पाचर आहे, मी ठोकली होती, ओल लागली का फुगते अन् दांडा आवळते, ती काढा."

तुमचं हे कार्ड येईपर्यंत इथं काय काय झालं ते सांगते. तुमच्या जावयानं मोटर काढून भंडाऱ्याले नेली. तिथला माणूस म्हणाला, मोटर चांगली आहे, कायले आणली? हा वापस आला. मग पट्टा बदलला. चक्कीचा पट्टा आणला, तो लांब झाला. सायकलची ट्यूब कापून लावली, ती जळाली. घरभर असा वास सुटला का तुलाराम भिंतीपलीकडून विचारते, "काकू, काय रांधून राहिल्या?" मग मोबाइलात पाहू लागला. मोबाइलात एक गोरा माणूस अशीच मशीन खोलते, हसत हसत खोलते, त्याच्या हातालेसुद्धा काळं लागत नाही. मनिष त्याचं पाहून एक-एक नट काढते अन् वाटीत ठेवते. माझ्या सगळ्या वाट्या नटांनी भरल्या. मी वरण ताटातच सांडून घेते.

तुमचं कार्ड वाचून तो मशीनीखाली पाठीवर झोपला. थोड्या वेळानं हात बाहेर आला. हातात लाकडाचा काळा तुकडा, बोटाएवढा. तीस-पस्तीस वर्षं झाली असतील, तरी कुऱ्हाडीचे घाव दिसतात त्याच्यावर. मनिषनं तो पुसला अन् खिडकीत ठेवला, देवाचा टाक ठेवावा तसा. तिच्या जागी नवीन कोरडी पाचर तासून ठोकली. बटण दाबलं. फिरली.

साहेबाचा इंजिनेर होता, खाणीत मोठमोठी यंत्रं होती, अन् त्यांच्या बंगल्यावरची मशीन चालली धुणेवालीच्या पाचरीवर. वा रे साहेब. तुमची तारीफ करून राहिली असं समजू नका. मी साहेबाले हसून राहिली.

पहिल्या खेपेले मनिषचे दोन सदरे टाकले. वर हळदकुंकू लावलं, उदबत्ती फिरवली. सदरे निघाले पांढरे, पण रुळातून जाताना सगळी बटणं फुटली. आता तो छाती उघडी टाकून हिंडते, गावाले वाटते पैलवान झाला.

मले म्हणते, "माय, मशीन चालते म्हणून लिहू का?" मी म्हटलं, "लिही." म्हणते, "आणखी काही लिहू?" "काय?" "काही नाही." अन् पेन घेऊन बसून राहिला. त्याच्या त्या बसण्याचं काही लिहिता येत नाही, म्हणून ही ओळ मीच सांगून राहिली.

मशीन चालते. शालूले वाचून दाखवा. ती स्वतःच वाचत असेल तं तिनं हे दोनदा वाचावं.

शकुनबाई


करडी, २१ जून

विहीणबाई,

तुमचं दुसरं कार्ड आलं. गुड्डीचं नाव सानगडीच्या शाळेत टाकून राहिलो म्हणता. टाका. शाळा तुमच्या गावातही आहे, मास्तरही असतील. नववीची पोरगी आहे, एकदा नाव पडलं का वर्ष तिथंच निघते, हे मले कळत नाही असं समजू नका. अक्षर येत नाही, हिशेब येते.

मनिषनं कार्ड वाचलं अन् घडी करून खिशात घातलं. जेवला नाही. भात मी गायीले घातला.

मशीन पुन्हा बंद पडली. आठ दिवस चालली. खालून धूर निघाला अन् बसली. यानं खोलली तं आत सगळं पांढरं-पांढरं जमलेलं अन् पंख्याच्या खाली धानाचे दाणे. त्यानं ते तळहातावर घेतले, पाहिले अन् म्हणते, "उंदरानं नेले असतील." मग म्हणते, "चुकलं माझंच, खालची जाळी नीट बसवली नाही मी."

उंदीरच असतील. लिही रे, उंदीर. आमच्या घरी उंदीर माजले आहेत.

अन् यंदा धानाचे पऱ्हेही नीट उगवले नाहीत. बांधीत इथं एक कोंब, तिथं एक, तुलारामच्या डोक्यावरच्या केसांसारखे. त्याच्यावरही हा म्हणते, "बियाणं मीच ओलीत ठेवलं असेल." तुलारामकडून बियाणं घेऊन दुसऱ्यांदा टाकलं. पाहा तुमच्या जावयाचं. मशीन त्याच्यानं सुधरत नाही, बायको त्याच्यानं राहत नाही, धान त्याच्यानं उगवत नाही. असा माणूस मी जन्माले घातला.

इथं पेन थांबलं. मी विचारलं, "काय झालं, शाई सरली?" म्हणाला, "नाही माय, सांग पुढं."

पुढं काही नाही.

शकुनबाई


करडी, २४ जून

विहीणबाई,

अक्षर बदललेलं दिसलं असेल. ही रुचिता, तुलारामची सून, बी.ए. झालेली. मनिष मोहाडीले गेला आहे तेवढ्यात हिले बोलावलं अन् शपथ घातली का यातला शब्द बाहेर गेला तं तुझ्या सासऱ्याच्या हातचा पंप तुझ्या माहेरी बसवीन. पोरगी घाबरली आहे. चांगलं लिहीन म्हणते.

उंदीर मी.

दरवर्षी पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकावं लागते, हे तुम्हाले सांगायले नको. पोचट वर येते, भरीव खाली बसते, मग तीन पाण्यांनी खळखळून धुवावं लागते. हे काम शालूचं. यंदा शालू नाही. मी टोपलं घेऊन बसली, दोन पसे बियाणं धुतलं अन् कंबर धरली. मशीन समोर उभी होती, रिकामी. मनिष मोहाडीले. मी म्हटलं, कपड्याचा मळ काढते तं धानाचं पोचट नाही काढणार? टाकलं सगळं बियाणं तिच्यात, वरून मिठाचं पाणी, दाबलं बटण. मी मोठी हुशार बाई. गावाले अक्कल शिकवते.

तिनं असं घुसळलं का दाण्यांची टरफलं वर आली. मिठाचं पाणी खाली उतरलं, धूर झाला, वास सुटला. मी चाळणीनं बियाणं उपसलं, पुन्हा धुतलं, सावलीत वाळवलं अन् गपचूप पोत्यात भरून ठेवलं. मनिषनं तेच पेरलं. त्याचे ते पऱ्हे.

हातानं दोन पसे धुतले होते तवा माझ्या बोटाले एक लहानशी चीर होती, सुपाची काडी लागलेली. मिठाच्या पाण्यात हात घातला अन् मी ओरडली. विहीणबाई, एक चीर. शालूची दहाही बोटं फाटलेली होती मागच्या वर्षी, अन् तिनं कोपरापर्यंत हात घालून दीड पोतं बियाणं धुतलं. मी ओट्यावर बसून म्हणत होती, "नीट धू, पोचट राहिलं."

आता ते दुसरं. ते तुम्हाले माहीत आहे. माहीत नसतं तं तुम्ही फोन उचलला असता.

शालू मनिषवर रागावून गेली नाही. तो म्हणाला होता "धान निघाल्यावर पाहू", अन् ती हसली होती, मी पाहिलं. तो शेतात गेल्यावर ती दगडावर माझंच लुगडं धुऊन राहिली होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "मायनं लोकाचं धुणं धुऊन वाढवलं, अन् पोरीले घरचं धुणं जड झालं. धुणेवालीची पोरगी मशीन मागते."

तिनं वर पाहिलं नाही. लुगडं पिळलं, झटकलं, तारेवर टाकलं, काठाले काठ लावून सरळ केलं. मग हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. नवऱ्याले एक शब्द सांगितला नाही. सांगितला असता तं त्यानं मले विचारलं असतं, अन् मी नाही म्हटलं असतं, अन् त्यानं माझंच खरं धरलं असतं. हे तिले माहीत होतं. पोरगी शहाणी आहे, तुमच्यावर गेली असेल.

दीड महिना हा माणूस लोखंडाखाली पडून राहिला. त्याले वाटते त्याच्या "पाहू"नं घर मोडलं. मशीन मी बिघडवली, तो म्हणाला माझी चूक. पऱ्हे मी मारले, तो म्हणाला माझी चूक. मी त्याले नालायक म्हटलं अन् ते त्याच्याच हातानं लिहून घेतलं. अन् त्यानं लिहिलं, सुंदर अक्षरात लिहिलं असेल.

रुचिता डोळे पुसून राहिली. मी तिले म्हटलं, कागदावर पाडू नको, विहीणबाई म्हणतील माझेच आहेत.

शकुनबाई


करडी, ३ जुलै

विहीणबाई,

तुमचं कार्ड यावेळी एका ओळीचं: "जावयाले सांगितलं काय?" चार शब्द नाही, तीन. कंजूष बाई. पण शब्द बरोबर जागी लागले.

हे पत्र पुन्हा मनिष लिहून राहिला. मी त्याले म्हटलं, बस, कागद घे, विहीणबाईले पत्र आहे. अन् मागच्या पत्रातलं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. बियाणं सांगितलं. लिहिलं. मीठ सांगितलं. लिहिलं. मग दगडावरचं सांगितलं. "धुणेवालीची पोरगी" म्हटलं अन् पेन खाली ठेवलं त्यानं. तो कागद माझ्यापाशी आहे, अर्धाच आहे, तुम्हाले पाठवत नाही.

तो उठून आंगणात गेला. मले वाटलं ओरडेल. ओरडला असता तं मले बरं झालं असतं, माझ्याजवळ उत्तरं तयार होती. पंचाहत्तर वर्षांची उत्तरं आहेत माझ्याजवळ. पण तो मशीनीपाशी जाऊन बसला अन् फडक्यानं मिठाचं पांढरं पुसू लागला. पायाचं पुसलं, चाकाचं पुसलं. मी दारात उभी. विचारलं, "अरे, काही बोलशील का नाही?"

म्हणाला, "माय, मी तिले तिच्या मोबाइलवर तीनदा फोन केला. तिनं तीनदाही विचारलं, मायचं गुडघ्याचं कसं आहे."

बस्, एवढंच. मग हात धुऊन आत आला, नवा कागद घेतला अन् म्हणाला, "सांग पुढं." तेच हे पुढं.

रुसलेल्या सुनेले आणायले सासू जात नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. नवरा जाते, दीर जाते, नाही तं गावातले दोन जाणते जातात. मनिष म्हणाला मी जातो. मी म्हटलं, तू कायले जातं? तू काय केलं? सोमवारी सकाळच्या बसनं मी येते. भंडाऱ्याले बदलीन, साकोलीले बदलीन. पाट्या वाचता येत नाहीत, पण तोंड आहे, विचारीन. याच तोंडानं इतकं केलं, एवढं तरी करावं त्यानं.

मी आली म्हणजे शालूनं यावंच असं नाही. हे मनिषच्याच हातानं लिहून घेऊन राहिली. गुड्डीचं नाव शाळेत पडलं असेल तं राहू द्या, माझ्यासाठी कोणी घाई करू नका. मले तिच्यासमोर एकदा बोलायचं आहे, जे बोलली ते वापस घ्यायले. तुम्ही शेजारी बसा. ते तुम्हालेही लागलं आहे, हे मले कळते. तुम्ही चिखल्यावर साहेबाचं धुणं धुतलं, अन् मी घरात बसून लोकाले नावं ठेवली. दोघींत कोणाचं काम बरं, हे आता विचारू नका. उत्तर माहीत असलेलं विचारू नये.

ती आली नाही तरी दर महिन्याले येईन. कंटाळून तुम्हीच पाठवाल.

माझ्या जेवणाची खटपट करू नका. पुरण नको, वडे नको, विहिणीचा मान बिलकुल नको, घोटभर चहा द्या. पण वापस येताना सोबत द्यायले सानगडीच्या बाजारातले सुके झिंगे आणून ठेवा, डोकी-शेपट्या काढून, कोरडे भाजून. शालू येवो न येवो, पुड्या दोन बांधा. मोठी घरासाठी. लहान शालूच्या नावाची, तिच्याच हातात द्या. आमच्या घरी ती सगळ्यांच्या मागून जेवते, अन् पंधरा वर्षांत झिंग्याची चटणी तिच्या ताटापर्यंत एकदाही पोचली नाही. वाढणारी मीच होती. तिची पुडी घट्ट बांधा, अन् मी मागितली तरी मले देऊ नका.

शकुनबाई